जागा करण्यासाठी काय काढलं

माझा पहिला स्वतःच्या पैशाचा लॅपटॉप १२८ जीबीचा होता आणि आत ११९ दिसायचे. यात कुणी हात मारलेला नसतो. बनवणारे जीबी मोजताना हजारच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, आणि तेवढ्या फरकाने आकडा उतरतो. त्या ११९मधून विंडोज स्वतःची जागा घेतं, २०१९पासून नव्या मशीनवर अपडेटसाठी सातेक जीबी वेगळे राखूनही ठेवतं. उरलेल्यात माझं ऑफिस, माझे प्रयोग, कॉलेजचे फोटो आणि आजी.

आजी म्हणजे एक फोल्डर. २०१७च्या दिवाळीत मी मित्राचा रेकॉर्डर मागून आणून साताऱ्याच्या घरी तिला बोलतं केलं होतं. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. तीन दुपारी मिळून दोन तास वीस मिनिटं ती बोलली. लग्न, दुष्काळ, मिलो ज्वारी, बाबांचं लहानपण. एका जागी तिने तिच्या आईच्या माहेरचं गाव सांगितलं. ते कोयनेच्या खोऱ्यात होतं आणि धरण झाल्यावर शिवसागर जलाशयात गेलं. वर पंखा चालू होता. गावाचं नाव ती एकदाच म्हणाली.

मे २०२०मध्ये, लॉकडाऊनमध्ये, घरून काम करताना डिस्कची पट्टी लाल झाली. मी एक अ‍ॅप बनवत होतो, त्याला जागा हवी होती. कुठला फोल्डर किती मोठा हे दाखवणारं एक टूल चालवलं. आजीची रेकॉर्डिंग 'वेव्ह' प्रकारात होती. त्यात मिनिटाला साधारण दहा एमबी जातात, म्हणजे एकूण १.४ जीबी. मी एक कमांड लिहिली, सगळं एमपीथ्री केलं, सेकंदाला १६ किलोबिट, ८ किलोहर्ट्झ, मोनो. सतरा एमबीत आजी बसली. मूळ फाइल्स उडवल्या आणि रिसायकल बिनही रिकामं केलं. कमांड पहिल्या फटक्यात चालली याचा आनंद झालेला आठवतो.

आजी २०२२मध्ये गेली. वर्षश्राद्धाला त्या गावाचा विषय निघाला. आत्या एक नाव सांगत होती, बाबा दुसरं. मी म्हणालो, थांबा, माझ्याकडे आजीच्याच तोंडचं आहे. फाइल लावली. शेवटचं 'वाडी' स्वच्छ ऐकू येतं. त्याच्या आधी पंख्याच्या घरघरीतून एक फुस्स असा आवाज येतो. तो स असेल, श असेल किंवा फ असेल. आत्याने तीनदा ऐकलं, बाबांनी दोनदा. मग जेवणाची पानं घेतली.

त्यानंतर मी जागेच्या टंचाईचा इतिहास वाचायला लागलो. माझ्यासारखं आधी कोणी केलंय का, हे मला बघायचं होतं. पुष्कळांनी केलं होतं.

लॅपटॉपला माळा नसतो

टेबलावरच्या संगणकाच्या मानाने लॅपटॉपमध्ये जागा नेहमीच कमी. तोशिबाचा टी-१००० हा १९८७चा लॅपटॉप. त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. डॉस प्रणाली चिपमध्ये भरलेली, आणि तुमचं जे काही असेल ते ७२० केबीच्या फ्लॉपीवर. पुढच्या वर्षी प्रेअरीटेक या कंपनीने अडीच इंची हार्ड डिस्क काढली, २० एमबीची. हाच अडीच इंचाचा आकार पुढे वीसेक वर्षं लॅपटॉपच्या पोटात राहिला आणि त्याच आकारात जागा वाढत पाचशे जीबी, हजार जीबीपर्यंत गेली.

मग ती कमी झाली. आमच्या पिढीने हे पाहिलंय, पण त्याचं नवल आम्हाला वाटलं नाही. बाबांनी २०१५मध्ये कॉलेजसाठी घेऊन दिलेल्या लॅपटॉपमध्ये ५०० जीबी होते. चार वर्षांनी, पहिल्या पगारातून, त्याहून महाग लॅपटॉप घेतला आणि त्यात १२८. कारण मधल्या काळात फिरणाऱ्या तबकडीची जागा फ्लॅश मेमरीने घेतली होती. फ्लॅशचा शोध तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांचा, १९८०च्या दशकातला. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे ती वेगवान, हलकी आणि धक्क्याला न घाबरणारी. पण जीबीमागे महाग. २००७मध्ये आसुसने 'ई पीसी' नावाचा छोटा, स्वस्त लॅपटॉप आणला, त्याच्या गाजलेल्या मॉडेलात फक्त ४ जीबी फ्लॅश होती. वेग हवा तर जागा सोडा, असा तो सौदा होता. तो मीही केला. मशीन दहा सेकंदात सुरू होतं म्हणून खूश होतो. जुना लॅपटॉप फॉरमॅट करून एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला.

म्हणजे मोठ्या वाड्यातून वन आरके फ्लॅटमध्ये आल्यासारखं झालं. वाड्याला माळा असतो. नको असलेलं, पण टाकवत नाही असं सगळं तिथे जातं आणि वीस वर्षांनी कोणीतरी काहीतरी शोधायला चढतं. वन आरकेत प्रत्येक वस्तूला आजच उत्तर द्यावं लागतं, ठेवायची की काढायची.

दोन आकड्यांची काटकसर

हार्ड डिस्कची सुरुवात १९५६ची. आयबीएमच्या रॅमॅक या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्या कपाटाचं वजन एका टनाच्या आसपास, आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं. आजच्या हिशेबात चार एमबीसुद्धा नाही. फोनवर काढलेला एक मोठा फोटो त्यात बसायचा नाही. आणि हे यंत्र लोक विकत नव्हे, महिन्याच्या भाड्याने घ्यायचे. भाडं तीन हजार डॉलरच्या वर.

रॅमॅकच्या आधी आणि नंतरही बराच काळ माहिती ठेवायची ती पंच कार्डांवर. आयबीएमच्या कार्डावर १९२८पासून ८० रकाने. एका माणसाचा हिशेब एका कार्डात बसवायचा तर नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख हे सगळं ८० अक्षरांत. साहजिकच कोणीतरी म्हणालं, साल चार आकड्यांत कशाला? एकोणीस तर सगळ्यांनाच माहीत आहे. १९६५चं ६५ झालं. कार्डं गेली, टेप आल्या, डिस्क आल्या, पण ६५ तसंच राहिलं. जुन्या फाइल्स वाचता याव्यात म्हणून नवे प्रोग्रॅमही तसेच लिहिले जात राहिले. आयबीएममध्ये काम केलेले रॉबर्ट बेमर यांनी १९७१मध्येच यातला धोका लिहून दाखवला होता. फार कोणी मनावर घेतलं नाही.

त्याचं बिल आलं १९९०च्या दशकाच्या अखेरीस, 'वायटूके' या नावाने. आणि ते फेडायला जगभरातून जे हात लागले त्यांत भारतीय हात पुष्कळ होते. आपल्या आयटी उद्योगाची बरीचशी सुरुवातीची कमाई या दोन आकड्यांची आहे. माझ्या पहिल्या नोकरीतले एक सर १९९८मध्ये कोबॉलच्या फाइल्समध्ये तारखा शोधायचं काम करून या धंद्यात आले. ते सांगायचे, "दिवसभर दुसऱ्याने वाचवलेले दोन बाइट परत भरायचे, आणि त्यावर माझ्या घराचा पहिला हप्ता गेला."

मला यातलं एकच आवडत नाही. लोक त्या जुन्या प्रोग्रॅमरांना हसतात. हसण्यासारखं काही नाही. त्यांच्यासमोर ८० रकाने होते. त्यांनी टाकलेलं 'एकोणीस' परत मिळवता येण्यासारखं होतं. खर्च प्रचंड आला, पण कष्टाने का होईना, ते परत भरता आलं. टाकलेल्या सगळ्याच गोष्टींचं असं होत नाही.

दाबून बसवणं

टाकायचं नसेल तर दाबून बसवा, हा दुसरा मार्ग. १९५१मध्ये एमआयटीत रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला पर्याय दिला, परीक्षा द्या किंवा शोधनिबंध लिहा. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध घेतला आणि कमीत कमी बिटांत मजकूर कसा लिहायचा याची जी पद्धत काढली ती त्याच्या सरांच्या पद्धतीहून सरस निघाली. १९५२मध्ये ती प्रसिद्ध झाली. कल्पना साधी. जे अक्षर वारंवार येतं त्याला छोटा संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब. मराठीत म्हणाल तर काना पावलोपावली येतो, त्याला दोन-चार बिट. 'ङ' महिन्यातून एकदा येणार, त्याला लांबलचक संकेत दिला तरी काय बिघडतं?

पुढे १९७७मध्ये इस्रायलचे अब्राहम लेंपेल आणि याकोब झिव यांनी याला दुसरी जोड दिली. आरतीसंग्रहाच्या पुस्तकात ध्रुवपद पहिल्या कडव्याला पूर्ण छापतात, पुढे नुसतं पहिलं अक्षर आणि शून्य. ज्याला माहीत आहे तो पूर्ण म्हणतो. लेंपेल-झिव पद्धत हेच करते, 'मागे अमुक ठिकाणी आलं होतं तेच इथे' एवढीच नोंद ठेवते. १९८९मध्ये फिल कॅट्झ यांनी झिप फाइल आणली, तिच्या पोटात या दोन्ही घराण्यांच्या युक्त्या आहेत.

यांना 'लॉसलेस' म्हणतात. गाठोडं सोडलं की सुरीपासून सुईपर्यंत सगळं जागेवर. म्हणून १९९०च्या सुमाराला, डिस्क महाग असताना, अख्खी डिस्कच अशी दाबून ठेवण्याची सॉफ्टवेअर निघाली. स्टॅक कंपनीचं 'स्टॅकर' त्यातलं गाजलेलं. १९९३मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉस ६.०मध्ये 'डबलस्पेस' फुकट दिलं. मोहाचं नाव होतं. पण काही लोकांचा डेटा बिघडल्याच्या तक्रारी आल्या, आणि स्टॅकने पेटंटचा दावा लावला. १९९४मध्ये ज्यूरीने स्टॅकला १२ कोटी डॉलर देववले, आणि डॉस ६.२१मधून डबलस्पेस काढून टाकावं लागलं.

माझी चूक डबलस्पेससारखीही नव्हती. आजीची वेव्ह फाइल मी लॉसलेस पद्धतीने दाबली असती तर ती साधारण निम्मी झाली असती आणि एक श्वासही हरवला नसता. पण सतरा एमबी झाली नसती. मला सतरा एमबीचं कौतुक होतं.

कोरी टेप महाग होती

आता त्यांची गोष्ट, ज्यांनी माझ्याहून मोठं काही पुसलं.

व्हिडिओ टेप १९६०च्या दशकात महाग होती आणि पुन्हा वापरता यायची. बीबीसीने १९६७ ते १९७८च्या काळात जुन्या कार्यक्रमांच्या असंख्य टेप पुसून त्यांवर नवे कार्यक्रम घेतले. यात दुष्टपणा नव्हता. कलाकार संघटनांशी झालेल्या करारांमुळे जुने भाग फार वेळा दाखवता यायचे नाहीत, घरोघरी व्हिडिओ येणार हे कोणाच्या डोक्यात नव्हतं, रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल कार्यक्रम कोण बघणार असंही वाटलं. 'डॉक्टर हू' या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत. जे सापडले त्यांतले बरेच परदेशी पाठवलेल्या प्रतींमुळे. २०१३मध्ये नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरात मिळाले. आणि हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण त्या काळी काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसायची.

नासाचं तर विचारूच नका. जुलै १९६९मध्ये चंद्रावरून आलेलं चित्र नेहमीच्या टीव्हीच्या प्रकारातलं नव्हतं, सेकंदाला दहाच चित्रं होती. ते जगाला दाखवण्यासाठी एका पडद्यावर उमटवून त्या पडद्यासमोर टीव्हीचा कॅमेरा लावला गेला. आपण सगळ्यांनी पाहिलेलं ते धूसर पाऊल म्हणजे नकलेची नक्कल. मूळ, अधिक स्वच्छ संकेत वेगळ्या टेपांवर घेतले होते. वर्षानुवर्षं त्यांचा शोध चालला, आणि २००९मध्ये नासाने सांगितलं की त्या टेप बहुधा १९७०-८०च्या दशकांत पुसून दुसऱ्या उपग्रहांच्या माहितीसाठी वापरल्या गेल्या. तेव्हा टेपांची टंचाई होती. मग टीव्ही केंद्रांकडच्या प्रती गोळा करून त्या सुधारून घेतल्या.

हे वाचून मला आधी बरं वाटलं. चंद्रावरचं पाऊल पुसणारे लोक असताना आपण कोण! मग लक्षात आलं की दोन्हीकडे कोणाकडे तरी दुसरी प्रत होती, निदान आवाजाची, निदान धूसर. ती नायजेरियात होती, टीव्ही केंद्रात होती, कुणा पोराच्या टेपरेकॉर्डरमध्ये होती. माझ्या फाइलची प्रत माझ्याकडेच होती. मित्राच्या रेकॉर्डरमधूनही मीच ती पुसून दिली होती, वस्तू स्वच्छ करून परत करावी म्हणून.

एकट्या बाईचा आवाज

एमपीथ्री लॉसलेस नाही. तिच्यामागे कानाचं शास्त्र आहे. मोठ्या आवाजाच्या जवळचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही, ताशा वाजत असताना घड्याळाची टिकटिक येत नाही तसं. मग जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला? जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि फ्राउनहोफर संस्थेतले त्यांचे सहकारी यावर वर्षानुवर्षं काम करत होते. चाचणीला ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा यांचं 'टॉम्स डायनर' हे गाणं घेतलं. त्यात वाद्यं नाहीत, एकट्या बाईचा आवाज आहे. ढोल-गिटारच्या गर्दीत जी काटछाट खपून जायची, ती या एकट्या आवाजात उघडी पडली. सुरुवातीला तो फार वाईट ऐकू आला, आणि तो नीट येईपर्यंत त्यांनी पद्धत सुधारत नेली.

म्हणजे एमपीथ्री बनवणाऱ्यांना १६ किलोबिटवर एकट्या बाईच्या आवाजाचं काय होईल हे पक्कं ठाऊक होतं. मला नव्हतं. शिवाय मी ८ किलोहर्ट्झ निवडलं. त्यामुळे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं आधीच कापलं गेलं. स, श, फ यांची ओळख बरीचशी त्या वरच्या पट्टीत असते. फोनवर नाव सांगताना "एस फॉर शुगर, एफ फॉर फादर" का करावं लागतं, त्याचं कारण हेच. फोनची पारंपरिक पट्टी त्याहून खालीच संपते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने पंख्याची घरघर मोठी होती, आजीचं अक्षर बारीक होतं. त्याने नियमाने बारीक ते सोडून दिलं.

डेटा परत मिळवण्याची सॉफ्टवेअर चालवून पाहिली. जुन्या फिरत्या डिस्कवर फाइल उडवली म्हणजे फक्त तिची नोंद जाते. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. फ्लॅशचं तसं नाही. तिच्यावर पुन्हा लिहायचं तर आधीचं मोकळं करावं लागतं, म्हणून 'ट्रिम' नावाच्या सोयीने संगणक डिस्कला लगेच कळवतो की हे कप्पे आता नको आहेत, आणि डिस्क सवडीने ते साफ करते. विंडोजमध्ये हे २००९पासून आहे. जी डिस्क वेगासाठी घेतली, तिने तो वेग टिकवायला आजीला साफ केलं. मला सापडले ते नुसते शून्य.

आणि ते अ‍ॅप, ज्यासाठी जागा केली? ते पूर्ण झालंच नाही. त्याच्यासाठी उतरवलेल्या तयार कोडचा फोल्डर परवा तपासला. त्यातलं प्रत्येक अक्षर इंटरनेटवरून पाच मिनिटांत, फुकट, पुन्हा उतरवता येतं. म्हणजे जे केव्हाही परत मिळालं असतं ते मी चार वर्षं जपलं, आणि जे पुन्हा मिळणार नव्हतं ते काढलं. टूलने मला फक्त आकार दाखवला होता. मी त्याला दुसरं काही विचारलंही नव्हतं.

पंचेचाळीस खंड आणि रुमाल

पुण्याला पेशवे दप्तर आहे. मोडीतले कागद कापडात बांधून ठेवलेले, त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात, असे हजारो रुमाल. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. अख्खं दप्तर छापणं अशक्य होतं. म्हणजे निवड आली, आणि निवड म्हणजे काटछाट. आजच्या भाषेत 'लॉसी'. पण खंड छापून झाल्यावर रुमाल कोणी जाळले नाहीत. ते तिथेच राहिले, त्यामुळे पुढच्या अभ्यासकाला वेगळा प्रश्न घेऊन पुन्हा मुळाकडे जाता येतं. सरदेसाईंना जे महत्त्वाचं वाटलं नाही त्यातही दुसऱ्याला काही सापडू शकतं.

मी सतरा एमबीचा खंड काढला आणि रुमाल जाळला.

गेल्या उन्हाळ्यात मी ती सगळी रेकॉर्डिंग ऐकून टाइप केली. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं, इंग्रजीच्या तिप्पट. 'आठवण' लिहिलं की बारा बाइट. तरीही दोन तास वीस मिनिटांची आजी अडीचशे केबीच्या आत बसली. २०१७मध्येच हे करता आलं असतं, ती समोर असताना, "काय म्हणालीस?" असं विचारत. तेव्हा मला वाटायचं की रेकॉर्ड केलंय म्हणजे आहेच.

ती फाइल आता आत्याकडे आहे, बाबांकडे आहे, पुण्यातल्या चुलत बहिणीकडे आहे आणि एका हार्ड डिस्कवर कपाटात आहे. डिस्क भरली की मी अजूनही तेच टूल चालवतो, पण शेजारी कागद घेऊन बसतो. कागदावर दोनच रकाने, 'परत मिळेल' आणि 'परत मिळणार नाही'. पहिल्या रकान्यातलं आकार न बघता उडवतो. दुसऱ्या रकान्यात एवढ्या वर्षांत आठ-दहा जीबीच्या वर काही गेलेलं नाही. खरोखर आपलं असं इतकंच असतं, आणि ते लॅपटॉपवर सहज मावतं.

गावाचा शोध चालू आहे. बुडालेल्या गावांच्या याद्या मिळतात, पण वाड्या त्यांत गावाच्या नावाखाली झाकल्या जातात. स-ने सुरू होणारी एक वाडी आत्याच्या बाजूने आहे, फ-ची एक बाबांच्या. दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत. गाव गेलं ते पाणी साठवायला. नाव गेलं ते माझ्या साठवणीपायी, आणि त्याला धरणाइतकं मोठं कारणही नव्हतं.

टाइप केलेल्या मजकुरात त्या जागी मी तीन टिंबं दिली आहेत आणि पुढे 'वाडी'. तीन बाइटची टिंबं. नाव कळलं तर तेवढीच बदलायची आहेत.